अस्वलाच्या नावाचा माग

पोलंडमधल्या क्राकूव शहरात १९२७ साली भाषाशास्त्राची दोन पुस्तकं छापून बाहेर पडली. एक म्हणजे आलेक्सांडर ब्रिक्नर यांचा पोलिश भाषेचा व्युत्पत्तिकोश. चाळीसहून अधिक वर्षं बर्लिनला स्लाव भाषा शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा हा एकहाती उद्योग होता. दुसरं पुस्तक यान रोझ्वादोव्स्की या प्राध्यापकांचा गौरवग्रंथ. त्यात तिशी नुकतीच ओलांडलेल्या येझी कुरिवोविच यांचा एक छोटा, रूक्ष लेख होता. पोलिशमध्ये अस्वलाला जो शब्द आहे त्याचा शोध घ्यायचा तर ही दोन्ही पुस्तकं लागतात. कोशाची गरज उघडच आहे. पण कुरिवोविच यांच्या लेखाचा विषय अस्वल नव्हता, आणि तरी या शोधाचा अवघड पल्ला त्याच लेखावरून ओलांडावा लागतो.

शब्द आहे न्येज्व्येच. लिहिताना शेवटी ज असतो, एकट्यानं उच्चारला की त्याचा च होतो, आणि ‘अस्वलाचा’ म्हणताना तो ज परत येतो: न्येज्व्येजा. हा शब्द सामासिक आहे, पण इतका झिजलेला की बोलणाऱ्या पोलिश माणसाला त्यातला सांधा जाणवत नाही. मधाला पोलिशमध्ये म्यूत म्हणतात, ‘तो खातो’ला ये. या दोन शब्दांचा न्येज्व्येचशी काही संबंध असेल, अशी शंकाही कानाला येत नाही.

पहिला चकवा सुरुवातीलाच आहे. पोलिशमध्ये न्ये म्हणजे ‘नाही’. तेव्हा या शब्दात काहीतरी नकार असावा असं वाटतं. पण जुन्या पोलिश लेखनात हाच शब्द म्येज्व्येच असा म-नं सुरू होणारा सापडतो. रशियनमध्ये तो मेद्वेद आहे, झेकमध्ये मेद्व्येद. हंगेरियन ही वेगळ्याच कुळातली भाषा, तिनं स्लाव शेजाऱ्यांकडून शब्द उचलला तो मेद्वे असा, म-सकट. म्हणजे पोलिशमधला न उपरा आहे. म आणि व दोन्ही ओठांनी उच्चारायचे ध्वनी. एकाच शब्दात ते जवळजवळ आले की तोंड त्यांतल्या एकाची सोय दुसरीकडे लावतं. पोलिशनं म-ला दातांकडे ढकलून त्याचा न केला. झेक बोलींतही हे घडलं आहे. फुटबॉल पाहणाऱ्यांना पावेल नेद्व्येद आठवत असेल. त्याचं आडनाव म्हणजे अस्वलच.

न बाजूला केला की मेद्वेद हाती येतो. खरी झटापट इथून पुढे, आणि ती मधल्या एका व-वर.

हा व कुणाचा? पहिल्या तुकड्याचा की दुसऱ्याचा? मेद + वेद असं तोडलं तर फार देखणा अर्थ निघतो. स्लाव भाषांत मेद म्हणजे मध, आणि वेद म्हणजे जाणणं. पोलिशमध्ये ज्ञानाला व्येजा म्हणतात, चेटकिणीला व्येज्मा, म्हणजे जाणती. आपल्या वेदातला धातू तोच. म्हणून अस्वल म्हणजे ‘मध कुठे आहे ते जाणणारा’. शतकानुशतकं सामान्य माणसांनी हा शब्द असाच फोडला. युक्रेनियनमध्ये तर तुकड्यांची अदलाबदल होऊन वेद्मीद असा शब्द रूढ झाला आहे. जंगलाचा गूढ जाणकार, ही कल्पना कुणालाही भुरळ घालेल अशीच आहे.

पण ती टिकत नाही, आणि न टिकण्याचं कारण व्याकरणातलं आहे. स्लाव भाषांत दोन नामं जोडताना मध्ये एक ओ येतो. नरभक्षकाला पोलिशमध्ये लुदोयाद म्हणतात: लूद म्हणजे लोक, मग जोडणारा ओ, मग खाणारा. त्याच रीतीनं मध जाणणारा बनवला असता तर तो मेदोवेद झाला असता. मेद्वेदमध्ये तो ओ कुठेच नाही. म्हणजे हा समास ओ-ची रीत रुळण्याआधीचा आहे. मध या शब्दाचं मूळ अंग उकारान्त होतं त्या काळातला.

मधु. आता शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला पुढचं सांगायची गरज उरत नाही. उकारापुढे विजातीय स्वर आला की उ-चा व होतो, याला आपण यण् संधी म्हणतो. मनु + अंतर, मन्वंतर. प्राचीन स्लावमध्ये मेदु + एद, मेद्वेद. एद म्हणजे खाणारा. संस्कृतातला अद् धातू तोच. व हा पहिल्या तुकड्यातल्या उकाराचाच अवशेष आहे, वेदाचा त्याच्याशी काही संबंध नाही. अस्वल मधाचं ज्ञानी नाही, ते मध खातं.

हाच सांधा जसाच्या तसा ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातलं १६४ वं सूक्त, दीर्घतमस् ऋषीचं, कोड्यांनी भरलेलं. त्यात झाडावर बसलेल्या पक्ष्यांना ‘मध्वद’ असं विशेषण आहे, आणि पदपाठानं ते मधु आणि अद असं सोडवूनही ठेवलं आहे. वेदातले पक्षी आणि पोलंडचं अस्वल, दोघांचं वर्णन एकाच साच्यातून निघालेलं. अर्थात एकानं दुसऱ्याकडून उसनं घेतलं असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही भाषांच्या पूर्वजांकडे तेच दोन सुटे भाग होते आणि ते जोडायची रीतही तीच होती. (मधु हा शब्द तसा भलताच फिरस्ता. चिनी भाषेतला मधाचा ‘मी’ हा मध्य आशियातल्या तोखारी भाषेतून गेलेला मधुच आहे.)

दुसरा तुकडा, खाण्याचा, पोलिशमध्ये आजही सगळीकडे पसरलेला आहे. दुपारच्या जेवणाला ओब्याद म्हणतात, त्यात तो आहे. घास तोंडात धरून बसणाऱ्या पोराला न्येयादेक म्हणतात, त्यातही आहे. अस्वलात तो आहे हे मात्र कोश उघडल्याशिवाय कळत नाही. कोशांचीही एक गंमत सांगायला हवी. फ्रांचिशेक स्वाव्स्की यांनी १९५२ पासून पोलिशचा फार तपशीलवार व्युत्पत्तिकोश काढायला घेतला. १९८२ मध्ये तो वर्णमालेतल्या ल-जवळच्या अक्षरापाशी थांबला. म आलाच नाही, न तर लांबच. त्या थोर कोशात मधही नाही आणि अस्वलही नाही.

इथवर शब्दाची फोड झाली. पण रोझ्वादोव्स्की यांच्यासारख्या माणसाचं एवढ्यावर समाधान झालं नसतं. १९०४ मध्ये जर्मनमध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी एक सिद्धांत मांडला होता: नाव देणं ही मुळातच दोन भागांची क्रिया असते. आधी वस्तू कुठल्या तरी ओळखीच्या गटात टाकायची, मग त्या गटातल्या इतरांपासून तिला वेगळं काढायचं. खाणारे पुष्कळ, त्यांतला मध खाणारा. पण असं वर्णन करावं लागतं ते नाव नसलेल्या गोष्टीचं. अस्वल हा काही परदेशातून आलेला अनोळखी प्राणी नव्हता. ज्या जंगलात स्लाव लोक राहत होते तिथलं ते सर्वांत मोठं श्वापद. त्याला आधीपासून नाव नव्हतं?

होतं. ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, संस्कृतात ऋक्ष, वेल्शमध्ये आर्थ, आर्मेनियन आणि अल्बेनियनमध्येही त्याची रूपं आहेत. एकाच जुन्या शब्दाची ही पिलावळ. पण उत्तरेकडे गेलं की तो शब्द गडप होतो. स्लाव भाषांत मध-खाणारा येतो. जर्मानिक भाषांत बेअर हा शब्द येतो, त्याचा अर्थ बरेच जण ‘तपकिरी’ असा लावतात, तर काही जण ‘रानटी जनावर’ असा. लिथुएनियनमध्ये तिसराच कुठला तरी, लोकीस. पॅरिसच्या आंत्वान मेये यांनी १९०६ मध्ये एका लहानशा पुस्तिकेत या गळतीचं कारण सुचवलं. जिथे अस्वलाशी रोजची गाठ होती, तिथे शिकारी त्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते येतं, किंवा सावज असेल तर सावध होऊन निसटतं. म्हणून टोपणनाव. पुढे टोपणनावच नाव झालं.

मराठी माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. अंधार पडल्यावर सापाला ‘जनावर’ म्हणायचं, बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं, आणि हजारोंचे बळी घेणाऱ्या रोगाला चक्क ‘देवी’ म्हणायचं, हे आपल्या घरातलंच. शिवाय अशी टोपणनावं एकदाच पडून थांबत नाहीत. मध-खाणारा हे उघड नाव झाल्यावर त्यालाही आडोसा लागला. कार्पेथियन डोंगरातले हुत्सूल लोक अस्वलाला वुय्को म्हणतात, म्हणजे मामा. फिनलंडमध्ये ते ‘मधाळ पंजावालं’ झालं आणि ‘रानातलं सफरचंद’ही.

आणि मधच का? पोलंड, लिथुएनिया, बेलारूसच्या जंगलांत जिवंत पाइनच्या किंवा ओकच्या खोडात, जमिनीपासून बरंच वर, ढोली कोरून त्यात मधमाश्या वसवायची जुनी रीत आहे. ढोलीला बार्च म्हणतात, ती राखणाऱ्याला बार्त्निक. २०२० मध्ये युनेस्कोनं पोलंड आणि बेलारूसमधल्या या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. बार्त्निकचा मुख्य शत्रू अस्वल. त्याच्यासाठी ढोलीच्या तोंडासमोर दोरानं एक जड ओंडका टांगून ठेवत. चढून आलेलं अस्वल पंजानं ओंडका दूर लोटी, तो झोका घेऊन परत येई आणि त्याच्यावर आदळे. अस्वल चिडून जोरात लोटी, ओंडका तितक्याच जोरात परत. शेवटी ते खाली पडे. या रागलोभाच्या नात्यात दोघेही एकाच गोष्टीचे गिऱ्हाईक, आणि पोलिशमध्ये बार्त्निक हे अस्वलाचंही एक नाव आहे.

मेये यांची कल्पना मला पटते, पण ती कल्पनाच आहे हे विसरू नये. त्या काळचा एकही शिकारी आपल्याला ‘मी नाव घेतलं नाही’ असं लिहून सांगत नाही. मेदु आणि एद यांचा संधी सिद्ध करता येतो, भीती सिद्ध करता येत नाही. हल्ली एक कथा मोठ्या चवीनं सांगितली जाते की उत्तर युरोपनं अस्वलाचं खरं नाव भीतीपोटी पुसून टाकलं आणि ते कायमचं हरवलं. पूर्वार्ध शक्य आहे. उत्तरार्ध साफ चूक. ते नाव हरवलेलं नाही, त्याचा आराखडा नीट मांडता येतो. मात्र तो मांडण्यात एक मोठी अडचण होती.

ग्रीक आर्क्तोसमध्ये क-नंतर त आहे. संस्कृत ऋक्षमध्ये क-नंतर ष. मूळ एकच असेल तर त आणि ष एकाच ध्वनीतून यायला हवेत, आणि असा ध्वनी त्या भाषांच्या हिशेबात बसत नव्हता. कार्ल ब्रुगमान या जर्मन पंडितांनी त्यासाठी मूळ भाषेत एक खास व्यंजनच कल्पिलं. अशा मोजक्या शब्दांपुरता वापरायचा ध्वनी. हिशेब जुळला, पण जमाखर्चात ‘किरकोळ’ म्हणून रक्कम टाकावी तसा.

उत्तर आलं ते अनातोलियाच्या मातीतून. तुर्कस्तानातल्या बोआझ्क्यॉय इथे १९०६ पासून हुगो विंक्लर यांच्या उत्खननात हजारो मृत्तिकापट्ट निघाले. हे हित्ती साम्राज्याचं दफ्तर. लिपी बाबिलोनी कीलाक्षरांची, त्यामुळे वाचता येत होती, पण भाषा कुठली ते कळत नव्हतं. १९०२ मध्ये क्नुड्त्सोन या नॉर्वेजियन अभ्यासकानं इजिप्तमध्ये सापडलेल्या दोन पत्रांवरून ही भाषा आपल्या भारत-युरोपीय कुळातली असावी असं म्हटलं होतं. त्यावर इतकी टीका झाली की त्यानं माघार घेतली.

१९१४ मध्ये हे पट्ट उतरवून घेण्यासाठी बेद्रिख ह्रोझ्नी कॉन्स्टँटिनोपलच्या संग्रहालयात गेले. ते मूळचे झेक, व्हिएन्ना विद्यापीठात शिकवणारे, वय पस्तिशीचं. महायुद्ध भडकलं, परतावं लागलं, मग सैन्यात भरती झाली. सुदैवानं नेमणूक व्हिएन्नातच राहिली आणि कामाला उसंत मिळाली. हित्ती लेखनिकांची एक खोड होती: नेहमीच्या वस्तूंसाठी ते सुमेरी चिन्हं वापरत. चिन्हाचा अर्थ ठाऊक, हित्ती उच्चार गुलदस्त्यात. एका पट्टावर ह्रोझ्नींना भाकरीचं चिन्ह दिसलं. त्यापुढे क्रियापद, एझ्झातेनि. भाकरीचं माणूस काय करणार? पुढच्याच शब्दांत ‘वातर’ आणि आणखी एक क्रियापद. जर्मनमध्ये खाणं म्हणजे एसेन, पाणी म्हणजे वासर. लॅटिनमध्ये ‘मी खातो’ म्हणजे एदो. ओळ भाकरी खाण्याची आणि पाणी पिण्याची होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये ह्रोझ्नींनी बर्लिनमध्ये हे जाहीर केलं, डिसेंबरात छापलं, १९१७ मध्ये ग्रंथ काढला. क्नुड्त्सोनचं म्हणणं बरोबर निघालं.

ज्या धातूनं हित्ती भाषेचं कुलूप उघडलं तो अद्. न्येज्व्येचच्या शेपटात दडून बसलेला तोच. ह्रोझ्नींच्या स्वतःच्या मातृभाषेतल्या मेद्व्येदमध्येही तोच. हा योगायोग त्यांच्या मनात आला होता असं मी म्हणत नाही. पण मला तो सोडवत नाही.

कुलूप उघडल्यावर आत एक विचित्र वस्तू सापडली. हित्तीमध्ये घसा खरवडणारा, ख-सारखा एक ध्वनी होता, आणि तो इतर भाषांत जिथे काहीच नाही तिथे येत होता. लॅटिनमध्ये पुढचा तो ‘आन्ते’, हित्तीमध्ये ‘खन्ति’. संस्कृतात शुभ्र तो अर्जुन, हित्तीमध्ये ‘खर्कि’. हा ध्वनी कुठून आला?

१८७८ च्या अखेरीस लायप्त्सिगमध्ये एकवीस वर्षांच्या फेर्दिनां द सोस्यूर यांचा एक प्रबंध छापला गेला होता. स्वरांच्या अदलाबदलीचं गणित जुळवताना त्यांनी असा तर्क केला की मूळ भाषेत काही ध्वनी असे होते, जे सर्व ज्ञात भाषांत लोपले, पण जाताना शेजारच्या स्वरांवर खूण सोडून गेले. पुरावा शून्य, निव्वळ गणित. बहुतेकांनी ते पुस्तक चतुर पण हवेतलं मानलं. १९१३ मध्ये सोस्यूर वारले. आणि १९२७ मध्ये, मेये यांच्याकडे पॅरिसला शिकून ल्वूवला परतलेल्या कुरिवोविच यांनी रोझ्वादोव्स्कींच्या गौरवग्रंथातल्या त्या लेखात दाखवलं की हित्ती ख नेमका तिथे उभा आहे जिथे सोस्यूर यांनी अदृश्य ध्वनी कल्पिला होता. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला ध्वनी तीन हजार वर्षांहून जुन्या मातीवर लिहिलेला निघाला. भाषाशास्त्रात इतकं नाट्यमय दुसरं काही घडलेलं मला माहीत नाही, आणि ते घडलं एका गौरवग्रंथात, जो प्रकार लोक सहसा उघडतही नाहीत.

अस्वलाकडे यायला आता वाट मोकळी झाली. हित्ती पट्टांत ‘खर्तग्ग’ हे एका हिंस्र पशूचं नाव आहे. धार्मिक विधींत भाग घेणाऱ्या एका प्रकारच्या माणसांनाही तेच नाव होतं. आर्क्तोस आणि ऋक्ष यांच्या शेजारी खर्तग्ग ठेवलं की दोन गोष्टी एकदम दिसतात. सुरुवातीला तो लोपलेला ख आहे. आणि आत त आधी, क नंतर. ग्रीकनं जोडीची उलटापालट केली होती, संस्कृतनं त-चा ष करून टाकला होता, हित्तीनं मूळ क्रम जपला होता. पृथ्वीवाचक शब्दांतही हेच कोडं होतं. हित्ती तेकन आणि ग्रीक ख्थोन यांची व तोखारी शब्दाची जुळणी करून पाउल क्रेच्मर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हा क्रम दाखवून दिला. ब्रुगमान यांचं ते खास व्यंजन मग हळूहळू हिशेबातून वगळलं गेलं.

म्हणजे जे नाव स्लाव पूर्वजांनी टाकलं, ते त्यांनी टाकलं तेव्हा साधारण कसं होतं हे आज सांगता येतं. एवढंच नाही, ते पोलंडमध्ये परत आलेलंही आहे. ग्रीकांनी उत्तरेला ‘आर्क्तिकोस’ म्हटलं, सप्तर्षींच्या बाजूचं, कारण त्यांच्या लेखी तो तारकासमूह अस्वल. पोलिश शाळकरी पोर नकाशात आर्क्तिका वाचतं तेव्हा पूर्वजांनी टाळलेलं तेच नाव घेत असतं. आकाशातल्या अस्वलाला मात्र पोलिशमध्ये व्येल्का न्येज्व्येजित्सा म्हणतात, मोठी मध-खाणारी. ऋग्वेदातही रात्री दिसणाऱ्या ताऱ्यांना ऋक्ष म्हटलं आहे, आणि शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत अशी नोंद आहे.

आपल्याकडे ऋक्षाचा थेट वारस आहे रीस, जुन्या मराठी कोशांत तो भेटतो. बोलण्यात मात्र चालतो अस्वल, आणि तो अच्छभल्ल या शब्दापासून आला असं मानतात. त्यातला अच्छ हा ऋक्षाचंच प्राकृत रूप. भल्ल म्हणजेही अस्वल. पण संस्कृत कोशांत भल्लचा आणखी एक अर्थ शेजारीच दिलेला असतो: शुभ, मंगल, भद्र. अस्वलाला भल्ल म्हणण्यामागे हाच अर्थ असावा, असं एक मत आहे. ते खरं असेल तर अस्वलाचं नाव जपून ठेवणाऱ्या आपल्या मुलखातही कुणीतरी, नाव घेतल्या घेतल्या, त्याला ‘भला आहेस हो’ असं म्हणून ठेवलं होतं.